दारूकोठाराची शिस्त आणि घरातील काडतुसे

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा संस्थानी शहरांतील जुन्या मराठी वाड्यांत, तसेच बेळगाव-खानापूरकडील शेतकरी कुटुंबांत एखादी परवान्याची बंदूक असणे ही नवलाईची गोष्ट नव्हे. कोठे ती पूर्वजांच्या चाकरीची खूण म्हणून जपलेली असते, तर कोठे रानडुकरांपासून उभे पीक राखण्याचे साधन म्हणून. बंदुकीची निगा बहुधा मनापासून राखली जाते. दसऱ्याला तिची पूजा होते, वर्षातून दोनदा तिला तेलपाणी होते, पाहुण्यांस ती कौतुकाने दाखविलीही जाते. काडतुसांच्या वाट्याला मात्र हे कौतुक येत नाही. ती फडताळाच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात किंवा लाकडी पेटीच्या तळाशी पडून असतात. ती किती आहेत, केव्हाची आहेत, कोणत्या बंदुकीची आहेत, हे घरातील एकाच माणसास ठाऊक असते आणि तो माणूस गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

दारूगोळ्याचा साठा कसा ठेवावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने सोडविला होता. मराठी गद्याच्या अभ्यासकांना रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ परिचित आहे. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजी राजांपर्यंत राज्याच्या अनेक पिढ्या पाहिलेल्या या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात राजनीती सांगितली, तशीच दुर्गांची व्यवस्थाही सांगितली. तीत दारूखान्याविषयीच्या सूचना आहेत. शब्दांनी त्या थोड्या, पण अर्थाने फार मोठ्या आहेत.

अमात्यांचे सांगणे थोडक्यात असे : दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. सदरेपासून योग्य अंतरावर जागा पाहून, भोवती निर्गुडीचे दाट कुंपण घालून, तेथे बळकट इमारत बांधावी. तिला तळघर असावे, तळघरास गच्ची करावी, आत माच घालून त्यावर दारूचे बस्ते व मडकी ठेवावीत. बाण आणि हुक्के वेगळ्या दालनात असावेत. कोठेही सरदी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सारा माल बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणासही जवळ फिरकू देऊ नये.

या सूचनांतून तीन तत्त्वे निघतात : अंतर, कोरडेपणा आणि हिशेब. तिन्हींमागील कारणे पाहिली, म्हणजे अमात्यांची दृष्टी किती व्यवहारी होती याची खात्री पटते.

कोरडेपणाचे पाहू. त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. यांतील कोळसा सच्छिद्र असतो, तर सोऱ्यात राहिलेले इतर क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. सह्याद्रीवरील चार महिन्यांच्या पावसात अशी दारू ओलसर होऊन तिचे ढेकूळ बनते. ती पुन्हा वाळली तरी पूर्ववत होत नाही, कारण पाण्यात विरघळलेला सोरा वाळताना वेगळा होऊन बसतो आणि मिश्रणाचा एकजीवपणा मोडतो. म्हणून जमिनीचा स्पर्श टाळणारा माच आणि वरचेवर दिलेले ऊन, दोन्ही अवश्य होती. शत्रू दाराशी आल्यावर दारू पेट घेत नाही असे आढळणे, म्हणजे किल्ला लढण्यापूर्वीच गमावणे होय.

मोहोरेचे महत्त्व तर याहूनही सूक्ष्म आहे. ऊन दिल्यावर पुन्हा मोहोर करावयाची, याचा अर्थ त्या मालाची जबाबदारी एका ठराविक माणसाने स्वीकारावयाची. मोहोर अखंड असली, तर आतील माल तोच व तितकाच आहे याची ग्वाही मिळते. शाळांच्या प्रयोगशाळेतही हाच दंडक असतो. तेथील ज्या बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली, ती बाटली आत काहीही असो, कामातून बाद समजावी लागते. आत काय आहे ते ठाऊक असलेल्या तेजाबापासून माणूस सावध राहू शकतो. ठाऊकच नसलेल्या द्रवापासून सावध कसे राहावे?

अंतराचे महत्त्व मात्र इतिहासाने फार कठोरपणे शिकविले. सिंहगडावर पुणे दरवाजाने आत शिरल्यावर दारूकोठाराची दगडी इमारत आजही दिसते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली. त्या स्फोटात गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातील सर्व माणसे प्राणास मुकली. दारूखाना घरांजवळ नसावा, हे अमात्यांनी लिहून ठेवल्याला तेव्हा उणीपुरी पस्तीस-छत्तीस वर्षे झाली होती. विजेचे स्वरूप दाखविणारा फ्रँक्लिनचा पतंगाचा प्रयोग त्यानंतरच्या वर्षातला, म्हणजे १७५२ मधला. तेव्हा सिंहगडावर वीज अडविण्याचा उपाय कोणाच्या हाती नव्हता, हे खरे. घर दूर ठेवणे मात्र हाती होते.

असे आपल्याकडेच घडले असे नाही. इटलीतील ब्रेशिया शहरात १७६९ मध्ये दारूगोळा साठविलेल्या एका जागेवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग धुळीस मिळून असंख्य माणसे दगावली. त्या अनर्थानंतर युरोपातील राज्यकर्ते जागे झाले. इंग्लंडमध्ये पर्फ्लीट येथील सरकारी दारूकोठारांना वीजवाहक कसे लावावेत, हे ठरविण्यासाठी रॉयल सोसायटीने १७७२ मध्ये समिती नेमली व तिच्यात स्वतः फ्रँक्लिन होता. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडू नये म्हणून तेथील कोठारांत तांब्याची व लाकडाची अवजारे वापरीत आणि खिळ्यांचे जोडे बाहेर काढून ठेवावे लागत.

एकोणिसाव्या शतकात दोन मोठे बदल झाले. दारू, गोळी आणि पेट घेणारी टोपी ही एकाच पुंगळीत बसवून काडतूस तयार होऊ लागले. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू शोधून काढली. या दोन गोष्टींमुळे पूर्वी गडाच्या कोठारात राहणारा दारूगोळा लहानशा खोक्यात मावू लागला आणि माणसाच्या घरात आला. अमात्यांचे पहिले तत्त्व, अंतर, येथेच ढिले पडले. म्हणूनच उरलेल्या दोन तत्त्वांवरचा भार वाढला.

हा भार कसा पेलतात, हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. तेथे नेमबाजीचा व शिकारीचा छंद असलेले पुष्कळ लोक उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भरतात. कारखान्यातील काडतुसांच्या खोक्यावर निर्मात्याचे नाव, माप आणि गटक्रमांक छापलेला असतो. घरी भरलेल्या काडतुसाला अशी जन्मपत्रिका नसते. पुंगळीच्या बुडावर मूळ कारखान्याची खूण असते खरी, पण आतील दारूशी तिचा काहीच संबंध उरलेला नसतो. त्यामुळे जाणकार मंडळी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी डकवितात. काडतुसाचे माप, गोळीचे वजन, दारूचे नाव व प्रमाण, टोपीचा प्रकार, भरल्याची तारीख आणि ती पुंगळी आजवर कितीदा वापरली गेली, इतके सारे तीवर लिहिलेले असते. तोच तपशील एका वहीतही उतरविलेला असतो.

या चिठ्ठीचा उपयोग काय? पितळ वारंवार ताणले गेले म्हणजे पुंगळीस चीर पडते. कितवी खेप आहे हे लिहिलेले असेल, तर ती वेळेवर बाद करता येते. एखाद्या काडतुसात दोष आढळला, तर त्याच दिवशी भरलेली सर्व काडतुसे वेगळी काढता येतात. एका बंदुकीसाठी भरलेले काडतूस दुसरीत जाऊ नये, हा हेतू तर सर्वांत मोठा, कारण अशा चुकीत बंदुकीची नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो. चिठ्ठी हरवलेले काडतूस उडवू नये, त्याची विल्हेवाट लावावी, असा तेथील अनुभवी लोकांचा दंडक आहे.

साठवणीचे नियमही तितकेच काटेकोर आहेत. दारू मूळ डब्यातच ठेवावयाची, बरणीत ओतावयाची नाही. काम करताना मेजावर एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, म्हणजे दोन प्रकारांची सरमिसळ होत नाही. टोप्या मूळ पाकिटातच असाव्यात. त्या काचेच्या बाटलीत एकत्र भरल्या, तर एकीच्या स्फोटाने साऱ्या उडतात. तेथील अग्निसुरक्षेच्या मान्य संहितेप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यांतील धूररहित दारू वीस पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलो, ठेवता येते. त्याहून अधिक, पन्नास पौंडांपर्यंत असेल, तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावी लागते. लोखंडी तिजोरीऐवजी लाकूड का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ही दारू मोकळ्यावर भराभर जळते; हवाबंद आणि मजबूत पेटीत मात्र वायूचा दाब कोंडला जाऊन त्याच पेटीचा बॉम्ब होतो. लाकडी पेटीचे सांधे वेळीच उघडतात.

आपल्या देशातील परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे आणि बंदूक बाळगण्याच्या साध्या परवान्यात काडतुसे भरण्याचा अधिकार सामावलेला नसतो. एका वेळी व एका वर्षात किती काडतुसे घ्यावयाची, तेही परवान्यावर लिहिलेले असते. तेव्हा रिकाम्या पुंगळ्या घरच्या घरी भरून पैसे वाचविण्याचा मार्ग आपल्यासाठी नाही. तो जिवावरचा आहे आणि तुरुंगाकडे नेणाराही आहे. परंतु साठवणीची शिस्त मात्र परवान्याच्या दहा काडतुसांनाही तितकीच लागू पडते.

ती शिस्त घरात उतरवावयाची तर फार खर्च येत नाही. काडतुसे व बंदूक एकाच कुलपात ठेवू नयेत. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच हाती असाव्यात आणि मुलांना त्यांची जागा ठाऊक नसावी. काडतुसे कारखान्याच्या मूळ खोक्यातच राहू द्यावीत आणि खोक्यावर खरेदीची तारीख लिहावी. ती जागा चुलीपासून, देवघरातील समईपासून आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या उष्णतेपासून दूर असावी, तशीच पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासूनही. हिरवट डाग पडलेले, फुगलेले, चेपलेले किंवा कागदी पुंगळीचे जुनाट काडतूस बंदुकीत घालू नये. ते घरी उघडून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. अमात्यांच्या हवालदाराप्रमाणे ठराविक काळाने मोजदाद करावी आणि परवान्यावरील नोंदींशी ती ताडून पाहावी. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, हे काम केले तरी पुरे. मात्र अमात्यांची उन्हाची सूचना आजच्या काडतुसांना लावू नये. त्यांना थंड, कोरडी सावलीच मानवते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक निवर्तला की त्याची बंदूक व काडतुसे वारसांच्या घरात केवळ आठवण म्हणून राहू शकत नाहीत. अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसास स्वतःचा परवाना मिळाला, तर बंदूक परत मिळू शकते. दुःखाच्या त्या दिवसांत हे कोणास सुचत नाही, आणि तेराव्यानंतर वाडा आवरताना पेटीच्या तळाशी मूठभर काडतुसे हाती लागतात. ती कोणाची, परवान्यात किती शिल्लक, जिवंत की निकामी, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. विधवा आईने किंवा परगावच्या मुलाने ती भीतीपोटी विहिरीत टाकावीत वा भंगारवाल्यास द्यावीत, हा उपाय घातकच आहे. भंगाराच्या भट्टीत कोणाचा तरी जीव जातो.

म्हणून ज्यांच्या घरी बंदूक आहे, त्या वडीलधाऱ्यांनी एक साधे काम करावे. वहीच्या एका पानावर बंदुकीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक व मुदत, काडतुसांचे माप आणि शिल्लक संख्या आणि आपल्या पश्चात ती कोठे जमा करावयाची, हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. ते पान घरातील एका जाणत्या माणसास दाखवून परवान्याच्या कागदांतच ठेवावे. दर मोजदादीस त्यावर तारीख घालून सही करावी.

गडावरचा हवालदार मोहोर करून उठत असे, तेव्हा त्याच्यामागून येणाऱ्या माणसास कोठारात काय आहे हे विचारावे लागत नसे. आपल्या घरातील लहानशा पेटीबद्दलही मागे राहणाऱ्यांना ते विचारावे लागू नये.