कोपऱ्यातली जुनी दुचाकी: ऐकीव आणि खरं

देऊळघाट असो, धाड असो की चिखली, बुलढाणा जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांच्या मागे, गोठ्याच्या पत्र्याखाली एखादी दुचाकी वर्षानुवर्षं उभी असते. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाची बुलेट. आजोबा गेले, चाकातली हवा गेली, वर कडब्याच्या पेंढ्या आल्या. मग एक दिवस नातवाला मोबाइलवर जुन्या ‘ट्रायल’ दुचाक्यांची चित्रं दिसतात आणि आपलीही तशी करायची असं तो ठरवतो. त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. चहाच्या टपरीपासून वेल्डिंगच्या दुकानापर्यंत प्रत्येकाला जुन्या गाडीतलं कळतं. त्यातले काही सल्ले निरुपद्रवी असतात. काही मात्र असे, की तीस वर्षांच्या गंजानं जे बिघडलं नसतं ते एका दुपारी बिघडतं.

“ट्रायल म्हणजे चिखलातली शर्यत”

अजिबात नाही. ट्रायलमध्ये वेगाला किंमत नसते. दगड, ओढा, चढ, झाडांची मुळं अशा आखून दिलेल्या वाटेवरून पाय न टेकवता जायचं, एवढाच खेळ. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन, आणि गाडी अडली किंवा पडली तर पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल 1909 पासूनची आहे. जागतिक अजिंक्यपद सुरू झालं 1975 मध्ये, आणि ते पहिल्या वर्षी मार्टिन लॅम्पकिननं बार्सिलोनाच्या बुल्टाको कारखान्याच्या गाडीवर जिंकलं. अशा गाडीला ताकदीपेक्षा संथपणा लागतो: जड फ्लायव्हील, मागे मोठं दातेरी चक्र, उंच पोट आणि टायरमध्ये नावापुरती हवा.

आता आपल्या बुलेटकडे या. 1948 पर्यंत ट्रायलमधल्या जाणत्यांचं ठाम मत होतं की मागच्या चाकाला स्प्रिंग दिली की जमिनीवरची पकड जाते. मागचा सांगाडा कडकच हवा. त्याच वर्षी रॉयल एनफिल्डनं मागे झुलता दांडा आणि शॉक ॲब्सॉर्बर लावलेल्या बुलेट ट्रायलमध्ये उतरवल्या. इटलीतल्या सान रेमो इथल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. पुढे 1952 मध्ये जॉनी ब्रिटननं स्कॉटलंडची ट्रायलही एनफिल्डवरच जिंकली. जाणत्यांचा गैरसमज चिखलातच मिटला. 1955 मध्ये मद्रासला ज्या बुलेटची जुळणी सुरू झाली, ती याच घराण्यातली. त्यामुळे 2019 मध्ये कंपनीनं भारतात ‘ट्रायल्स’ नावाचं मॉडेल आणलं तेव्हा ती नुसती रंगरंगोटी आहे, असं म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नव्हता. ते मॉडेल वर्षभरातच बंद पडलं, ही गोष्ट वेगळी.

“उभीच होती, म्हणजे झिजली नाही”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. चालती गाडी झिजते हे खरं. पण उभी गाडी सडते, आणि सडणं बाहेरून दिसत नाही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात गाडी बंद करताना पिस्टन कुठे थांबला यावर बरंच अवलंबून असतं. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून पावसाळी दमट हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या, सिलिंडरही तसाच. दोन-तीन पावसाळ्यांत दोघं एकमेकांना चिकटतात. रबराचं वय गाडी न चालवताही वाढतं. ऑइल सील कडक होतात, फोर्कचे सील चिरतात, कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोल सुकून पिवळी खळ उरते. पॉइंटजवळचा कंडेन्सर नुसत्या वयानं मरतो. वायरिंगवर उंदरांचा हक्क असतोच.

राजदूत किंवा येझदीसारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत क्रँकच्या सीलला फार महत्त्व आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे ती पेटी हवाबंद हवी. सील कडक झाला की मॅग्नेटोच्या बाजूनं फुकटची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, कधी ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज उतरत नाही. दुसऱ्या बाजूचा सील गेला तर गिअरचं तेल ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. मेकॅनिक कार्बोरेटरचे जेट बदलत राहतो आणि दोष भलतीकडेच असतो. म्हणून दहा-वीस वर्षं उभी असलेली दोन स्ट्रोकची गाडी सुरू झाली तरी इंजिन उघडून दोन्ही सील बदलावेत. माझ्या मते यात तडजोड नाही.

जाम इंजिनावर चौघांनी मिळून किक मारणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्यात किकचे दाते तुटतात, क्वचित कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याऐवजी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात ओतावं आणि आठवडाभर गाडीला हात लावू नये. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक दोन्ही हातांनी हलकं मागेपुढे करावं. केसभर हललं तरी काम होतं. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. नाहीच सुटलं तर हेड काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून दाब द्यावा. पिस्टनवर थेट हातोडा मारला की तो पिस्टन भंगारात.

इंजिन मोकळं झालं की दुसरा सल्ला तयार असतो: “बोअर करून टाका, नवंकोरं होईल.” आधी लेथवाल्याकडून सिलिंडरचं माप घ्या. वर, मध्ये, खाली, आणि आडवं-उभं दोन्ही. गंजाचे डाग वरवरचे असतील तर होनिंगनं निघतात. बोअर करावंच लागलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापानं सिलिंडर कापून घ्या. उलटं करू नका. प्रत्येक बोअर म्हणजे सिलिंडरचं एक आयुष्य कमी, आणि जुन्या गाड्यांना मोठ्या मापाचे चांगले पिस्टन हल्ली सहज मिळत नाहीत.

“टाकी ॲसिडनं धुतली की झालं”

संडास धुण्याचं ॲसिड टाकीत ओतणारे महाभाग आहेत. ते गंज खातं, सोबत चांगला पत्राही खातं, आणि ओतून टाकल्यावर तासाभरात आतून नवा तांबूस गंज धरतो. साधं पांढरं व्हिनेगर हळू काम करतं, पण पत्रा शाबूत ठेवतं. एक-दोन दिवस भरून ठेवायचं, मूठभर नट टाकून हलवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, लगेच गरम हवेनं सुकवायचं आणि आतून तेलाचा हात फिरवायचा.

टाकीला भोक असेल तर एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. रिकामी टाकी वेल्डिंगला धोक्याची नाही, असं समजलं जातं. प्रत्यक्षात भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रणच भडका घेतं, आणि वर्षानुवर्षं कोरड्या टाकीच्या गंजातही ती वाफ अडकलेली असते. हे काम गॅस काढून टाकण्याची पद्धत माहीत असलेल्या माणसाकडेच द्या.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मऊ करून फुगवतं. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर आणि कार्बोरेटरचं रबर आधीच बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

“तेल थोडं जास्तच टाका, इंजिनाला बरं”

दोन स्ट्रोकमध्ये हे उलटं पडतं. जेटमधून जाणाऱ्या थेंबात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं. मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापतं, वर प्लग काळा आणि सायलेन्सर काजळीनं बुजलेला. पुस्तिकेतलं प्रमाण ठेवा.

“बुलेट आहे, तेल गळणारच”

हा गैरसमज बुलेटवाल्यांनीच अभिमानानं जपला आहे. जुन्या बुलेटच्या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच एका कप्प्यात असते. गाडी बराच काळ उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग पहिल्यांदा सुरू केल्यावर निळ्या धुराचा लोट येतो, ब्रीदरमधून तेल उडतं आणि “रिंगा गेल्या” असा निकाल लागतो. आधी खालचा बोल्ट काढून ते साचलेलं तेल काढा, मग बोला. सांध्यांतून तेल येत असेल तर बऱ्याचदा ब्रीदरचा रबरी तुकडा कडक झालेला असतो. आतला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो गॅस्केटमधून वाट काढतो. तिथे मूठभर सिलिकॉन फासण्यात अर्थ नाही. वर ते सुटून तेलाच्या वाटेत अडकतं ते वेगळंच.

जुन्या बुलेटवर बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश आट्यांचे नट-बोल्ट असतात. जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढे छिन्नी निघते. व्हिटवर्थ मापाच्या पान्यांचा संच घ्या. राजदूतचा प्रश्न सोपा: एस्कॉर्ट्सनं ती पोलंडच्या एसएचएल एम-11 वरून घेतली, त्यामुळे सगळी मापं मिलिमीटरचीच.

“रंग दिला की गाडी तयार”

याच ठिकाणी बहुतेक पैसे जातात आणि बहुतेक नुकसान होतं. फ्रेम सरसकट वाळूच्या माऱ्याखाली धरली जाते, कुणी इंजिनही तसंच देतं. वाळूचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात, तेलाच्या बारीक वाटांमध्ये बसतात आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बेअरिंग खातात. इंजिनाला रॉकेल, ब्रश आणि धीर पुरतो. फ्रेमवर जाड पावडर कोटिंग चढवलं की वेल्डिंगची तडही झाकली जाते आणि चॅसी नंबरही. तो नंबर घासणं, बुजवणं, नव्यानं ठोकणं म्हणजे स्वतःच्या हातानं गाडीची ओळख पुसणं.

मूळ रंग निम्मा टिकला असेल तर मी तो ठेवीन. टाकीवरची कारखान्याची सोनेरी रेघ एकदा गेली की गेली. उतरवलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी वाकलेला मडगार्डही, खोक्यात घालून ठेवा. बाजारातला नवा भाग बसतो तेव्हा जुनाच नमुना म्हणून लागतो.

आणि बुलेटचे मडगार्ड कापून, सायलेन्सर वर वळवून, खडबडीत टायर घालून तिची ‘ट्रायल’ करणं? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कारखान्यानं नोंदवलेल्या तपशिलात असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. शिवाय अशी गाडी ना ट्रायल राहते ना बुलेट.

“पंधरा वर्षं झाली की गाडी बाद”

दिल्ली परिसरातल्या नियमांच्या बातम्या वाचून हा समज पसरला. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. तपासणीत गाडी योग्य ठरली आणि शुल्क व कर भरला की दर वेळी पाच वर्षांसाठी तिचं नूतनीकरण होतं. त्यासाठीचा अर्ज नमुना 25.

‘व्हिंटेज’ हा शब्द सगळे सैल वापरतात, पण केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांत त्याला अर्थ आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक राहतो. नव्यानं नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचं 5,000, मुदत 10 वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा आजोबांची 1972 ची राजदूत या नियमात येईल, काकांची 1988 ची बुलेट येणार नाही. आणि राजदूतवर रोज शेतात जायचं असेल तर व्हिंटेजच्या मागे न लागता साधं नूतनीकरणच करा.

“कागद नंतर होतात” हा शेवटचा, आणि भंगारातून गाडी घेणाऱ्यांना हमखास बुडवणारा समज. आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना 26 भरून दुय्यम प्रत मिळते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना 31, विकत घेतली असेल तर 29 आणि 30. पण हे सगळं आरटीओच्या दप्तरात त्या गाडीची नोंद असेल तरच. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आणि विकत घेत असाल तर पैसे मोजण्याआधी, इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, कागदावर पेन्सिलनं त्याची छाप घ्या आणि आरसी बुकाशी आकडा न् आकडा स्वतः ताडून पाहा. जुळला नाही तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.