खलपुरुषाचे ‘आपण’ : अद्भुतकथा व भूमिकाखेळ यांतील दुष्टांच्या नैतिक प्रेरणा

धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत लोभ, औद्धत्य, हटवादीपणा, पापाचरण आणि व्यसनासक्ती यांचा समावेश होतो. ही सारी लक्षणे विशेषणांनी सांगितलेली आहेत, आणि ही विशेषणे इतरांनी त्याला लावावयाची आहेत. प्रतिनायक स्वतःविषयी बोलू लागला तर काय म्हणेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारावयाचा आहे. त्यासाठी विसाव्या शतकातील इंग्रजी अद्भुतकथा आणि तिच्यापासून निपजलेला भूमिकाखेळ ही दोन क्षेत्रे निवडली आहेत.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘दुष्ट’ हे ‘दुष्’ धातूचे ‘क्त’-प्रत्ययान्त रूप होय. त्याचा मूळ अर्थ ‘बिघडलेला’, ‘दूषित झालेला’. जे बिघडले ते एके काळी बिघडलेले नव्हते, हे या रूपातच गृहीत आहे. व्यवहारात मात्र आपण हा शब्द जणू जन्मजात गुणाचा वाचक म्हणून वापरतो. शिवाय तो बहुधा तृतीय पुरुषातच वावरतो. ‘तो दुष्ट आहे’ हे वाक्य सहज ऐकू येते. ‘मी दुष्ट आहे’ असे मनापासून म्हणणारा मनुष्य विरळा. प्रेरणा ही प्रथम पुरुषाची गोष्ट आहे, आणि प्रथम पुरुषात प्रत्येक जण कर्तव्य, सुव्यवस्था, प्रेम हेच शब्द उच्चारीत असतो.

जे. आर. आर. टॉल्किन हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ, ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ व १९५५ या वर्षांत तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील मुख्य शत्रू सौरॉन हा प्रत्यक्ष कधीच समोर येत नाही. तथापि तोही आरंभी दुष्ट नव्हता, असे कथेतील एक ज्ञानवृद्ध पात्र भर सभेत सांगते. टॉल्किन यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात याचा खुलासा सापडतो : सौरॉनला सुव्यवस्थेची आवड होती आणि गोंधळाचा व व्यर्थ जाणाऱ्या श्रमांचा तिटकारा होता. म्हणजे त्याच्या अधःपाताचे मूळ एका सद्गुणातच आहे.

सारुमान हा जादूगार मात्र समोर येतो आणि बोलतो. किंबहुना त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या वाणीत आहे. आपला जुना सहकारी गॅन्डाल्फ याला वश करताना तो ज्ञान, शासन आणि सुव्यवस्था ही तीन उदात्त ध्येये पुढे ठेवतो, आणि हे सर्व प्रथम पुरुषाच्या अनेकवचनात मांडतो. येथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाहून अधिक काही दिसू शकते. इंग्रजीत या सर्वनामाचे एकच रूप आहे. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. सारुमानचे भाषण मराठीत आणणाऱ्याला ‘आपण’ असेच लिहावे लागेल. गॅन्डाल्फ नेमके याच शब्दावर बोट ठेवतो : ते वलय एका वेळी एकाच हाताला चालविता येते, तेव्हा अनेकवचनाचे कष्ट घेऊ नकोस, असे तो सुनावतो. त्या ‘आपण’मागे केवळ ‘मी’ उभा आहे, हे त्याने ओळखलेले असते.

आता भूमिकाखेळाकडे वळू. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. उरलेले सर्व जग, खलपुरुषांसह, एका सूत्रधाराच्या स्वाधीन असते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात नियम, तटस्थता आणि स्वैरता असे तीन पक्ष होते. ही कल्पना पॉल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून आलेली होती. पुढे सुष्ट व दुष्ट हा दुसरा अक्ष जोडला जाऊन नऊ प्रकार सिद्ध झाले. त्यांतील ‘नियमनिष्ठ दुष्ट’ हा प्रकार विशेष विचारणीय आहे, कारण नियमपालन म्हणजेच नीती नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

परंतु असे कोष्टक तृतीय पुरुषातले लेबल देते, प्रेरणा देत नाही. खेळताना एखाद्या खेळाडूने खलपुरुषाला ‘तू हे का करतोस?’ असे विचारले, तर सूत्रधाराला ‘मी’ म्हणून उत्तर द्यावेच लागते. ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या साहसात स्ट्राड नावाचा पिशाच्च उमराव आहे. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर त्याचे मन जडते, आणि तो लग्नाच्याच दिवशी भावाचा वध करतो. स्वतःच्या दृष्टीने तो प्रेमिक आहे. त्याच्या ‘आपण दोघे’मध्ये त्या स्त्रीची संमती तेवढी नाही.

यावरून एक कसोटी हाती येते. खलपुरुष ज्या मूल्याचे नाव घेतो ते बहुधा खोटे नसते. त्याच्या ‘आपण’मध्ये कोण मोजले गेले आणि कोणाला न विचारता वगळले गेले, हे पाहावयाचे असते. प्रेरणा समजणे म्हणजे कृत्य क्षम्य ठरविणे नव्हे. कारण आणि समर्थन या दोन भिन्न गोष्टी होत.

ही कसोटी उलट दिशेनेही लावली पाहिजे. टॉल्किन यांच्या कथांतून या खेळात आलेली ऑर्क ही जमात १९७७ च्या राक्षसकोशात सरसकट ‘नियमनिष्ठ दुष्ट’ म्हणून नोंदलेली आहे. २००३ च्या आवृत्तीत तिच्यापुढे ‘पुष्कळदा स्वैर दुष्ट’ असे आढळते. पाताळातील पिशाच्चांपुढे मात्र ‘नेहमी’ हे क्रियाविशेषण होते. एका ‘पुष्कळदा’ने केवढा फरक पडतो! अपवादाची शक्यता मान्य होताच, समोरच्या ऑर्कला मारण्यापूर्वी तो कोण आहे हे विचारणे भाग पडते. २०२० साली प्रकाशकांनी ऑर्कांना इतर लोकांइतकेच नैतिकदृष्ट्या व्यामिश्र दाखविण्याचे जाहीर केले. स्वतः टॉल्किन यांनाही, एक संपूर्ण जमात उद्धारापलीकडची असू शकते काय, या प्रश्नाने उत्तर आयुष्यात अस्वस्थ केले होते.

ज्या जमातीला प्रथम पुरुष नाकारला, तिच्या वधाला कारण द्यावे लागत नाही. मग नायकाचे ‘आपण’ही सारुमानच्या ‘आपण’सारखेच होऊ लागते. कथेत वा खेळात हा धोका लहान आहे. परंतु हेच व्याकरण आपण सभेत आणि वृत्तपत्रातही वापरतो, हे अभ्यासकाने विसरू नये.