दाताची कॅप जन्मभराची नसते

दाताला रूट कॅनाल करून कॅप बसवली की ‘आता काळजी मिटली’ असे आम्ही वारज्यात अनेक घरांतून ऐकतो. हजारो रुपये मोजल्यावर तसे वाटणारच. पण कॅप साधारण १० ते १५ वर्षे टिकते. जपली तर अधिक.

सिरॅमिकच्या किंवा धातूच्या कॅपला कीड लागत नाही. तिच्या कडेखाली, हिरडीलगत आपला मूळ दात असतो, त्याला लागते. रूट कॅनालमध्ये नस काढलेली असल्याने तो ठणकतही नाही. कॅप हलू लागेपर्यंत आतला दात पुष्कळदा पोखरलेला असतो. म्हणून दुखत नसले तरी ६ महिन्यांनी दाखवावे. ब्रश हिरडीच्या कडेने फिरवावा, रात्री फटीतून फ्लॉसचा धागा घालावा. त्या दाताने सुपारी फोडू नये. मिश्री तर सोडाच; हिरडी खाली सरकली की कड उघडी पडते.

कॅप निघालीच तर फेविक्विकने चिकटवू नका (आमच्यातल्या एकाने हा उद्योग केला आहे!). डबीत ठेवून एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. पैशांची अडचण असेल तर वडगाव बुद्रुकला सिंहगड डेंटल कॉलेज आहे. अशा कॉलेजांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, दरही सहसा कमी असतात. फेऱ्या मात्र जास्त होतात.