गुलाबी अळीचा माग

बोंड वरून हिरवंगार, टणक. चिरलं की आत गुलाबी अळी, कुरतडलेली सरकी आणि डागाळलेली रुई. 2008 साली गुजरातच्या अमरेलीत बीटी कपाशीवरच्या अशा अळ्या गोळा झाल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत संगीता धुरुआ आणि जी. टी. गुजर यांनी त्यांना बीटीचं विष चारून पाहिलं. अळ्या त्याला दाद देईनात.

जालना जिल्ह्याला हा धक्का घरातला होता. बीटी वाण आणलं ते जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीने. 2002 मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या आसपासच्या रानांतही, कपाशी म्हणजे बीटीच झाली. बीटी हा मातीतला एक जिवाणू, त्याचं जनुक या झाडात घातलेलं. त्यापासून बनणारं प्रथिन अळीच्या आतड्याला चिकटतं, आतडं फुटतं, अळी मरते. हिरवी बोंडअळी खरोखरच आटोक्यात आली. मग गुलाबीच का वाचली?

शेतात दोघी 'बोंडअळ्या'च, पण कीटकशास्त्रात त्यांची कुळं निराळी. आणि खाणंही निराळं. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, मिळेल ते खाते. विष कधी न चाखलेले तिचे पतंग त्या पिकांवर तयार होतात आणि कपाशीतून वाचलेल्यांशी जुळतात, म्हणून पुढच्या पिढीत चिवटपणा पातळ होत राहतो. गुलाबी जवळजवळ कपाशीवरच जगते. 1842 मध्ये तिचे पहिले नमुने विलायतेला गेले तेही भडोचच्या कापसातून. सगळं शिवार बीटीचं झाल्यावर वाचलेल्याला जोडीदार मिळाला तोही वाचलेलाच.

2014 मध्ये जेफ्री फॅब्रिक आणि सहकाऱ्यांनी या चिवट अळ्यांचं जनुकच उघडून पाहिलं. विष आतड्यात ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं, त्याचंच जनुक मोडलेलं होतं. तेही एका नव्हे, आठ निरनिराळ्या तऱ्हांनी! कुलूपच बदललं, किल्ली काय करणार? एकच विष आणि त्यातून सुटण्याच्या इतक्या वाटा, हे वाचताना अंगावर काटा येतो. डार्विनने नैसर्गिक निवडीच्या ज्या प्रक्रियेला लाखो वर्षांचा पट दिला, ती इथे दहा वर्षांच्या आत घडली होती.

2006 पासून बियाण्यात दुसरं विषही आलं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं बोंडं तपासली, तेव्हा गुलाबी अळी त्यालाही पुरून उरल्याचं दिसलं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांनी, आणि किडक्या बोंडांनी शेतं भरली.

बीटीच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट मिळायचं. कडेच्या त्या ओळींत विषाला बळी पडणारे पतंग वाढावेत आणि चिवट पतंगांशी जुळावेत, एवढ्यासाठीच ते होतं. बहुतेक ठिकाणी ते पेरलंच गेलं नाही. त्याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही. आपल्याच रानात अळी पोसायला का सांगतात, हे त्याला बांधावर येऊन समजावलं किती जणांनी?