छोट्या टाकीतला समुद्र : आधी पाणी, मग रंग

'फाइंडिंग नेमो' हा ॲनिमेशनपट २००३ साली प्रदर्शित झाला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश घराघरांत पोहोचला. त्याच्यासोबत, तो ज्याच्या आश्रयाला राहतो ते समुद्रपुष्प, म्हणजेच 'सी ॲनिमोन', हौशी मंडळींच्या नजरेत भरले. तेव्हापासून दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडणाऱ्याची पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते : क्लाउनफिशची एक जोडी आणि एक समुद्रपुष्प. काही आठवडे सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी समुद्रपुष्प आक्रसते, पाण्याला दुर्गंधी सुटते आणि पाठोपाठ मासेही दगावतात. अशा वेळी दोष पाण्याला, मिठाला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चूक निवडीत झालेली असते.

समुद्रपुष्प आणि प्रवाळ दिसायला फुलांसारखे असले, तरी ते प्राणी आहेत. जेलीफिशच्याच संघातील हे जीव दंशपेशींनी सज्ज अशा शुंडकांच्या साहाय्याने भक्ष्य पकडतात. उष्ण कटिबंधातील बहुतेक जातींच्या शरीरात सूक्ष्म सहजीवी शैवल असते. ते प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा यजमान प्राण्याला मिळतो. पुरेसा प्रकाश, स्वच्छ पाणी आणि स्थिर तापमान या तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत, तर हे शैवल शरीराबाहेर टाकले जाते. प्राणी पांढुरका पडतो आणि हळूहळू उपासमारीने मरतो.

लहान म्हणजे सोपी नव्हे

लहान टाकी सांभाळायला सोपी, हा पहिला गैरसमज. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. साठ लिटरच्या टाकीतून दररोज दीड लिटर पाणी उडाले आणि घरची मंडळी चार दिवस गावाला गेली, तर परत येईपर्यंत हे प्रमाण ३९ ग्रॅमच्या आसपास पोहोचलेले असते. तेवढेच सहा लिटर पाणी तीनशे लिटरच्या टाकीतून गेले, तर एका ग्रॅमचाही फरक पडत नाही. टाकी जितकी लहान, तितकी चूक मोठी, असा हा हिशेब आहे.

उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने नव्हे, तर क्षारविरहित गोड्या पाण्याने रोजच्या रोज करावी लागते. त्यासाठी आरओचे पाणी वापरतात. मात्र घरच्या यंत्रात पाण्यात खनिजे मिसळण्याची सोय असेल, तर ती बंद केलेली असावी. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहणे इष्ट. आपल्याकडील उन्हाळ्यात, त्यातही वरून दिव्यांची उष्णता असताना, हे सहज साधत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास तापमान थोडे उतरते. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने तो अपुरा पडतो आणि चिलरचा खर्च गृहीत धरावा लागतो. वीज गेल्यास पाणी खेळते राहावे म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही हाताशी ठेवावा लागतो.

नवी टाकी भरल्यावर लगेच काहीही सोडू नये. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याखेरीज प्रवाळाचा विचार करणे व्यर्थ. टाकीत पूर्वी माशांसाठी तांबेयुक्त औषध वापरले असेल, तर ती टाकी या जिवांसाठी योग्य नव्हे. तांबे त्यांना घातक ठरते.

सुरुवात कशाने करावी?

नवख्याने मऊ प्रवाळ आणि त्यांच्या जवळच्या गटांपासून सुरुवात करावी. यांना चुनखडीचा भक्कम सांगाडा नसल्याने पाण्यातील कॅल्शियमचा काटेकोर हिशेब ठेवावा लागत नाही. सर्वांत सोशिक म्हणजे 'मशरूम कोरल'. चकतीसारखा हा जीव मंद प्रकाशात आणि संथ प्रवाहात सुखाने राहतो. चामड्यासारख्या पोताचे 'लेदर कोरल'ही टिकाऊ. ते काही दिवस मिटून राहते, वरची मेणचट कात टाकते आणि पुन्हा फुलते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मेले असेच वाटते. मात्र हे प्रवाळ शेजाऱ्यांना त्रासदायक रसायने पाण्यात सोडते, त्यामुळे गाळणीत सक्रिय कोळसा ठेवणे हिताचे.

'झेनिया' आणि 'ग्रीन स्टार पॉलिप' हे वेगाने पसरणारे प्रकार आहेत. छोट्या टाकीत ते काही महिन्यांत सारा खडक व्यापतात, म्हणून त्यांना इतरांपासून सुट्या दगडावर ठेवावे. रंगीबेरंगी 'झोअँथिड' नवख्यांचे लाडके. परंतु त्यांच्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. त्यांच्या भाऊबंदांपैकी पॅलिथोआ या प्राण्यातून १९७१ मध्ये शास्त्रज्ञांनी 'पॅलिटॉक्सिन' हे अतिशय जहाल विष वेगळे केले. हे जीव हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, हातावर जखम असल्यास टाकीत हात घालू नये. झोअँथिड लागलेला दगड स्वच्छ करण्यासाठी उकळणे किंवा गरम पाण्याने धुणे तर जिवावर बेतू शकते, कारण विषारी वाफ श्वासावाटे शरीरात जाते.

समुद्रपुष्प सर्वांत शेवटी

समुद्रपुष्पाची मुख्य अडचण ही, की ते चालते. जागा पसंत नसली की ते पायाच्या चकतीवर सरकत निघते, वाटेतील प्रवाळांना डंख करते आणि कित्येकदा पंपाच्या तोंडात सापडून त्याच्या चिंध्या होतात. असा प्राणी टाकीत कुजला, की थोडक्या पाण्यात अमोनिया झपाट्याने वाढतो. सुरुवातीला वर्णिलेली दुर्घटना अशीच घडते. आकाराचाही प्रश्न आहे. गालिचासारखी पसरणारी 'कार्पेट' समुद्रपुष्पे अर्ध्या मीटरहून मोठी होतात. घरगुती टाकीत त्यातल्या त्यात जमण्यासारखे म्हणजे शुंडकांच्या टोकांना फुगीर बोंड असणारे 'बबल टिप'. पण तेही वीतभराहून मोठे होते. त्यामुळे साठ लिटरच्या टाकीत समुद्रपुष्प टाळणेच शहाणपणाचे. मोठ्या टाकीतही किमान सहा महिने पाणी स्थिर राहिल्यावर आणि पंपांना जाळी बसवूनच ते आणावे.

क्लाउनफिशला समुद्रपुष्प लागतेच, ही समजूतही खरी नाही. समुद्रात त्याला शत्रूपासून आसरा हवा असतो. टाकीत शत्रूच नसतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडेही क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. पैदास केंद्रात वाढलेले हे मासे समुद्रपुष्पाशिवाय उत्तम राहतात आणि समुद्रातील माशांवरचा ताणही वाचतो.

कायदा काय सांगतो?

परदेशी पुस्तके आणि चित्रफितींत दिसणारे ॲक्रोपोरासारखे कठीण प्रवाळ पाहून मोह होतो. मात्र भारतात सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंगतीला बसतात. त्यांचा व्यापार हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. मृत प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. त्यामुळे सजावटीचा खडक म्हणून प्रवाळाचा तुकडा विकत घेणे धोक्याचे. त्याऐवजी कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावा. या कायद्याचे वजन मुंबईने पाहिले आहे : सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे आढळलेल्या प्रवाळांना हलविण्यासाठी महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये त्यांचे स्थलांतर झाले.

मशरूम, झोअँथिड आणि लेदर कोरल वरील गटांत मोडत नाहीत. तरीही विक्रेत्याकडे त्यांचा उगम विचारावा, पक्के बिल घ्यावे आणि शक्यतो टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचा कलम केलेला तुकडा निवडावा. असा तुकडा टाकीच्या जीवनाला सरावलेला असल्याने तो अधिक टिकतो.

दुकानात पाहताना

निवडलेला जीव पूर्ण उमललेला असावा, त्याच्या कडा सडलेल्या नसाव्यात. समुद्रपुष्पाचे तोंड घट्ट मिटलेले, शुंडके चिकट आणि पाय अखंड असावा. पांढरेशुभ्र समुद्रपुष्प देखणे वाटले, तरी ते शैवल गमावलेले आजारी जनावर असते. भडक पिवळे किंवा गुलाबी दिसणारे अनेकदा रंगवलेले असते. तपकिरी, हिरवट छटेचे साधे समुद्रपुष्पच बहुधा निरोगी ठरते. दगडावर लहान पारदर्शक तपकिरी 'ऐप्टेशिया' दिसल्यास तो दगड घेऊ नये. या उपद्रवी समुद्रपुष्पाला चिरडले, तर त्याच्या तुकड्यांतून नवी पिढी उभी राहते.

या जिवांचे आयुष्य किती असू शकते, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. सर जॉन डॅलिएल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ साली तेथील थंड किनाऱ्यावरून उचललेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत राहिले. डॅलिएल १८५१ मध्ये निधन पावले. समुद्रपुष्प मात्र १८८७ पर्यंत जगले. त्या बरणीत ना दिवे होते ना यंत्रे. होते ते वेळच्या वेळी बदललेले समुद्राचे पाणी आणि त्या किनाऱ्याला सरावलेला एकच जीव. टाकी घेणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी एवढेच ठरवावे, की आपल्या पाण्यात, आपल्या हवेत आणि आपल्याकडील वेळेत कोणता जीव वर्षानुवर्षे जगेल. रंगांची निवड त्यानंतर करता येते.