मशीन किती किलोचं?

वस्तीवर छोटी पवनचक्की बसवायची ठरली की मनोऱ्यासाठी माणूस आधी ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जातो. कोपरगावसारख्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात वेल्डिंगचा हात चांगलाच असतो. उसाची ट्रॉली, कांदाचाळ, गोठ्याची शेड, सगळं त्याच हाताखालून गेलेलं. तो कारागीर विचारतो, "मशीन किती किलोचं?" उत्तर मिळतं, "साठ." "मग चार इंची सी क्लास पाईप रग्गड झाला."

पाण्याच्या टाकीच्या स्टँडसाठी हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पवनचक्कीसाठी तो चुकीचा, कारण तिथं वजन खाली जितकं दाबतं त्याच्या कैकपट जोरानं वारा आडवा ढकलतो.

किती जोरानं, याचा हिशोब पोस्टकार्डावर मावेल. भारतीय मानक आय.एस. ८७५च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा नकाशा आहे. २०१५ साली सुधारलेल्या या मानकात देशाचे ३३ ते ५५ मीटर प्रतिसेकंद असे सहा पट्टे पाडले आहेत. नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर तिन्ही ३९च्या पट्ट्यात येतात आणि कोपरगाव त्या तिघांच्या मध्ये. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. जमिनीपासून १० मीटर उंचीवर, तीन सेकंदांपुरता येणारा आणि सरासरी पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाणारा हा झोत. मे महिन्यात वळवाच्या आधी आभाळ काळवंडतं, पाचोळा गोल फिरू लागतो आणि कुणाच्या तरी शेडचे पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडतात. मनोरा त्या दुपारसाठी बांधायचा असतो.

वेगाचा वर्ग करून ०.६ने गुणलं की दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ला तो, किलोत सांगायचा तर, चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. तीन मीटर व्यासाचं चक्र सात चौरस मीटर जागा व्यापतं. चक्र थांबलेलं असेल तर वाऱ्याला फक्त तीन अरुंद पाती लागतात, पण भरात फिरणारं चक्र जवळजवळ अख्ख्या ताटासारखं वारा अडवतं. म्हणून अशा झोतात ते वाऱ्याला सामोरं राहिलं तर जोर ६०० किलोंच्या घरात जातो. साठ किलोच्या मशीनवर सहाशे किलोंची ढकल, तीही पंधरा मीटर उंचीवर. बुडाशी वाकवणारा जोर नऊ टन-मीटर. आपला चार इंची पाईप जेमतेम एक-सव्वा टन-मीटरला वाकायला लागतो. म्हणून चक्र वेळीच आडवं वळवणारं शेपूट आणि मनोऱ्याला तारांचे ताण, दोन्ही लागतात. महावितरणच्या कोपऱ्यावरच्या खांबाला असतो तोच ताण, फक्त इथं तो किमान तीन बाजूंनी.

वाऱ्याची ढकल हिशोबात धरायला माणूस फार उशिरा शिकला. २८ डिसेंबर १८७९च्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला. चौकशीत निघालं की पुलाचे अभियंते थॉमस बाऊच यांनी आराखड्यात वाऱ्यासाठी वेगळी तरतूदच केली नव्हती. पूल गाडीचं वजन पेलायला बांधलेला होता. प्रश्न तोच, किती किलोचं?

छोट्या पवनचक्क्यांसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१४००-२. कोपरगावहून नगरमार्गे पुण्याला जाताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावर दिसतात त्या अजस्र चक्क्या यात बसत नाहीत. हे मानक २०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळा मीटर व्यासापर्यंतच्या चक्रांचं. त्यात वाऱ्याच्या जोरानुसार चार वर्ग आहेत. पहिला सर्वांत कणखर, चौथा सर्वांत सौम्य.

इथं शिकलेली माणसंही चकतात. चौथ्या वर्गाचा संदर्भवेग ३० मीटर आहे. आपल्या नकाशात ३९, मग हे मशीन आपल्याकडे टिकणारच नाही असं वाटतं. पण ते ३० म्हणजे दहा मिनिटांची सरासरी आणि आपले ३९ म्हणजे तीन सेकंदांचा झोत. तराजू वेगळे आहेत. मानक स्वतःच सांगतं की झोतासाठी संदर्भवेगाला १.४ने गुणा. झाले ४२. आता आपली बाजू: मोकळ्या शेतात २० मीटर उंचीवर आय.एस. ८७५ वेग १.०७ पट धरायला लावतं, म्हणजे ४१.७. चौथा वर्ग केसभरानं पास! मनोरा तीस मीटरचा केला तर गुणक १.१२ होतो, वेग ४३.७ आणि तेच मशीन नापास. दुकानदार मशीनच्या पाटीवरचा वर्ग दाखवतो तेव्हा कोणत्या उंचीसाठी, हे विचारलेलं बरं.

मग मनोरा ठेंगणाच ठेवावा का? तेही परवडत नाही. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनावर जाते. मोकळ्या रानात दहा मीटरऐवजी वीस मीटरवर गेलं तर वेग दहा टक्केच वाढतो, पण ताकद तिसऱ्या हिश्श्याइतकी. शिवाय बांधावरची लिंबं-बाभळी वाऱ्याला घुसळून काढतात आणि घुसळलेला वारा मशीनची हाडं खिळखिळी करतो. जाणकारांचा ठोकताळा असा की दीडशे मीटरच्या आत जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर नऊ मीटर पात्याचं खालचं टोक हवं. घराच्या स्लॅबवर पाईप ठोकून बसवलेली चक्की वीज कमी आणि कुरकुर जास्त देते, असं माझं स्पष्ट मत आहे.

वादळ एक दिवसाचं, हादरे रोजचे. तीन पात्यांचं चक्र मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर दर मिनिटाला ९०० वेळा एखादं पातं मनोऱ्यासमोरून जातं आणि हलकासा धक्का देतं. वर्षाला दोन हजार तास धरले तर जवळपास अकरा कोटी धक्के. दूरदर्शनच्या काळात अँटेनाचा पाईप ठराविक वाऱ्यातच का घुमायचा, ते आठवा. प्रत्येक खांबाला स्वतःची एक डुलण्याची लय असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की झोक्याला बरोबर वेळेवर ढकलल्यासारखं होतं. तडा मग पाईपच्या मध्यावर जात नाही. तो बुडाच्या प्लेटच्या वेल्डिंगशी, केसाएवढा, रंगाखाली सुरू होतो.

आणि सगळं उभं कशावर, तर काळ्या जमिनीवर. गोदाकाठची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगांत विळ्याची मूठ सहज जाते. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट विकसित केले आणि खोल काळ्या मातीत ते किमान साडेतीन मीटर खाली नेण्याचा दंडक आहे, कारण त्याखाली मातीची ही ये-जा थांबते. ताणाच्या तारांचा ठोकळा तर उलट बाजूनं, वरच्या दिशेनं ओढला जातो. घनमीटरभर काँक्रीटचं वजन २.४ टन. पण पाटाच्या पाण्यानं भूजल वर येऊन ठोकळा बुडाला की कामाला येणारं वजन १.४ टनच उरतं. खड्डा उन्हाळ्यात खणताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आयईसी मानकातली मशीनची कसोटी कडक असते. किमान सहा महिने चालणं, अडीच हजार तास वीजनिर्मिती, त्यातले काही तास चढ्या वाऱ्यात. पण ती तपासलेल्या संचाची. गावात बदललेला पाईप त्या प्रमाणपत्रात नसतो.

या मानकात भारांचे 'ए' ते 'जे' असे दहा प्रकार आहेत. शेवटचा, 'जे', वाऱ्याचा नाहीच. तो उभारणीचा. आपल्याकडे मनोरा बुडाशी बिजागरी ठेवून ट्रॅक्टरनं ओढून उभा करतात. पाईप आडवा असतो, टोकाला साठ किलोचं मशीन, आणि दोर पाईपला जिथं बांधलाय त्याच्या पुढचा भाग अधांतरी. क्लच सुटला की ट्रॅक्टर हिसका देतो, म्हणून मानक सांगतं की अधांतरी भागाचा भार दुप्पट धरा. पंधरा मीटरच्या पाईपला दोर दहा मीटरवर बांधला तर, मीटरला पंधरा किलो धरून, हिशोब येतो ०.९८ टन-मीटर. नऊ मीटरवर बांधला तर १.२६. आपला पाईप एक-सव्वाचा, आणि मानकातले सुरक्षा-गुणक अजून लावायचेच आहेत. म्हणजे दहावरही तो धडपणे पास होत नाही. पाच इंची घ्यावा लागेल किंवा दोर दोन ठिकाणी बांधावा लागेल.

सर्वांत वाईट क्षण पहिल्या वीतभर उचलण्याचा. खांब जसजसा वर जातो तसतसा भार उतरत जातो. वरच्या टप्प्यात भीती उलटी असते, सरळ झालेला मनोरा पलीकडे झुकण्याची. म्हणून मागच्या बाजूचा ताण आधीच ठोकळ्याला अडकवून ठेवायचा, तो धरायला अनुभवी माणूस उभा करायचा आणि पोरंसोरं मनोऱ्याच्या उंचीपेक्षा बरीच लांब.