वेलिगामा : वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालणारे गाव

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ, गॉल आणि मातरा या दोन शहरांच्या दरम्यान किनारा अर्धचंद्रासारखा आत वळतो. या वळणावर वसलेले वेलिगामा हे मूळचे कोळ्यांचे गाव. गेल्या दोन दशकांत ते लाटांवर स्वार व्हायला शिकणाऱ्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण झाले. आजूबाजूची मिरिसा, मिडिगामा, अहंगामा ही गावेही त्याच ओघात सर्फिंगच्या नकाशावर आली. सर्फिंगच्या शाळा, योगवर्ग, कॉफीची दुकाने आणि लॅपटॉप उघडून बसलेले परदेशी पाहुणे यांची इथे आता रेलचेल आहे. तरी गावचा दिवस अजूनही समुद्र आणि वारा यांच्याच तंत्राने चालतो. कोणती गोष्ट कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रहरी करावी, हे वारा ठरवतो. ते कळले की चार-पाच दिवसांचा मुक्काम सत्कारणी लागतो.

लाट येते कुठून?

वेलिगामाच्या दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. दक्षिण महासागरात सतत घोंघावणारी वादळे पाणी घुसळतात आणि त्यातून उठलेले तरंग हजारो किलोमीटरचा प्रवास करत या किनाऱ्याला लागतात. लांबच्या प्रवासात लहानमोठे, वेडेवाकडे तरंग गळून पडतात आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या एकसारख्या लाटा उरतात. उपसागराची दोन्ही टोके पुढे आलेली असल्याने त्यांचा जोर थोडा ओसरतो. तळाला खडक नसून वाळू आहे आणि उतार मंद आहे. म्हणून इथली लाट एरवी गुडघ्यापासून छातीपर्यंतच उठते आणि हळूहळू फुटत बराच वेळ किनाऱ्याकडे सरकत राहते. नवशिक्याला नेमकी अशीच लाट हवी असते.

लाटेइतकाच वाराही महत्त्वाचा. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे ती गुळगुळीत राहते आणि उशिरा फुटते. समुद्राकडून येणारा वारा तिचा पृष्ठभाग विस्कटून टाकतो. पहाटे मतलई वारे वाहतात, दुपारी खारे वारे सुटतात. शाळेच्या भूगोलात वाचलेल्या या दोन वाऱ्यांवर इथल्या सर्फिंग शाळांचे वेळापत्रक बसवलेले असते. सकाळी सहा-साडेसहाला पाण्यात उतरायचे आणि नऊ-दहापर्यंत बाहेर यायचे, हा रिवाज त्यातूनच पडला.

हंगामाचे गणितही असेच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ईशान्येकडचे वारे इथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. दक्षिण किनाऱ्याचा हाच मुख्य हंगाम. कोकणात जूनमध्ये दाखल होणारा नैर्ऋत्य मोसमी वारा इथे मे महिन्याच्या अखेरीसच पोचतो आणि समुद्र खवळतो. त्या दिवसांत सर्फिंग करणारी बहुतेक मंडळी पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे या गावी जातात, कारण त्या बाजूला तोच वारा जमिनीवरून येतो.

पहिला धडा

पहिल्या धड्याची सुरुवात वाळूवर होते. शिकवणारा बोटाने वाळूत फळीचा आकार काढतो, नाहीतर खरी फळीच वाळूवर ठेवतो. तिच्यावर पालथे पडायचे, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटल्याची नक्कल करायची, मग तळवे छातीच्या बाजूला टेकवून एका झटक्यात उभे राहायचे. पाय आडवे, गुडघे वाकलेले आणि नजर पायांकडे न ठेवता समोर. एवढीच कवायत दहा-पंधरा मिनिटे करून घेतात. नवशिक्याला आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोमची फळी मिळते. ती जड वाटते, पण पाण्यावर स्थिर राहते आणि डोक्याला लागली तरी मोठी इजा होत नाही. फळीला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक मागच्या पायाच्या घोट्याला पट्ट्याने अडकवलेले असते, म्हणजे पडल्यावर फळी वाहून जात नाही आणि दुसऱ्यावरही आदळत नाही.

सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात, लाट फुटून झालेल्या पांढऱ्या फेसावर सराव होतो. शिकवणारा मागे उभा राहून योग्य क्षणी फळी ढकलतो. दोन-तीन दिवसांनी न फुटलेली, हिरवी लाट स्वतः हेरून पकडण्याचा टप्पा येतो आणि खरी कसोटी तिथे लागते, कारण लाटेचा वेग आणि हातांचा वेग जुळावा लागतो. जरा उशीर झाला की लाट निघून जाते. घाई झाली की फळीचे नाक पाण्यात घुसते आणि माणूस तोंडावर आपटतो.

पाण्यातले शिष्टाचार सोपे पण काटेकोर आहेत. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ असणाऱ्याचा तिच्यावर पहिला हक्क. त्याच्या वाटेत मधेच घुसणे हा मोठा अपराध. पडताना पाय खाली न रोवता पसरट पडावे आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. किनाऱ्यावरून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे.

ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी पश्चिमेला मिडिगामा आणि अहंगामाच्या लाटा आहेत. तिथे तळाला प्रवाळ आणि खडक आहेत. मिडिगामाची ‘लेझी लेफ्ट’ ही लाट नावाप्रमाणे निवांत आहे, तर ‘रॅम्स’ उथळ खडकावर वेगाने फुटते आणि ती फक्त मुरलेल्यांनीच घ्यावी अशी आहे. अहंगामाजवळच्या कबलाना किनाऱ्यावरची ‘द रॉक’ ही लाटही चांगल्या सर्फरांची आवडती. खडकांत सागरी अर्चिनचे काटे असतात, म्हणून तिथे पाय टेकवत चालणे टाळतात.

वारा सुटल्यावर गावात

दुपारी समुद्र विस्कटला की गावात पाहण्यासारखे बरेच काही उरते. बाजारपेठेजवळ, अग्रबोधी विहाराच्या परिसरात ‘कुष्टराजगल’ नावाची शिळा आहे. एका प्रचंड खडकात साधारण आठव्या शतकात कोरलेली ही बोधिसत्त्वाची मूर्ती तीन मीटरहून उंच आहे. उंच मुकुटावर ध्यानस्थ बुद्धांच्या छोट्या आकृती आहेत, त्यावरून ती अवलोकितेश्वराची असावी असे बरेच अभ्यासक मानतात. थेरवादी श्रीलंकेत एके काळी महायान पंथाचाही प्रभाव होता, याची ती खूण आहे. लोककथा मात्र वेगळे सांगते : त्वचारोग जडलेला एक परदेशी राजा इथे आला, केवळ शहाळ्यावर राहून बरा झाला आणि त्याचीच ही मूर्ती.

किनाऱ्यापासून काही पावलांवर, झाडीने झाकलेले एक इवलेसे बेट दिसते. त्याला ताप्रोबेन म्हणतात. काउंट द मोनी या फ्रेंच गृहस्थाने १९२० च्या दशकात तिथे अष्टकोनी बंगला बांधला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन लेखक पॉल बोल्स त्याचा मालक झाला. आज ते खासगी निवासस्थान असल्याने बाहेरूनच पाहावे लागते. बेटाला पूल नाही. तिथे राहणारे पाहुणेही पाण्यातून चालतच जातात.

वेलिगामा ‘बिरालू’ नावाच्या लेससाठीही ओळखले जाते. पोर्तुगीज-डच काळात आलेली ही कला गावातल्या बायकांनी घराघरांत टिकवली. मांडीवर किंवा स्टुलावर गच्च भरलेली उशी असते. तिच्यावर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्यांची रांग आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला लाकडी बिरालू, म्हणजे रीळ. दोन-दोन जोड्या उचलून एकमेकींवरून फिरवल्या की धाग्यांना पीळ बसतो. लाकडे एकमेकांवर आपटत लयीत टकटक वाजतात आणि बोटभर पट्टी तयार व्हायला कितीतरी वेळ जातो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सकाळी मासळी विकायला बसतात. एका बाजूला उलांडी बांधलेल्या ‘ओरुवा’ होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. कोकणातल्या माणसाला त्या अजिबात परक्या वाटत नाहीत.

खांबांवरचे कोळी

अहंगामा ते कोग्गला या पट्ट्यात उथळ समुद्रात रोवलेले खांब दिसतात. खांबाला आडवे दांडके बांधून त्यावर कोळी बसतो आणि एका हाताने खांब धरून दुसऱ्या हातातल्या गळाने लहान मासे ओढतो. ही पद्धत फार प्राचीन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, अन्नटंचाईच्या दिवसांत ती रुळली असे मानले जाते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या किनाऱ्याची मोठी हानी केली आणि खांबांवरची मासेमारीही रोडावली. आज खांबांवर बसलेल्यांपैकी बरेच जण छायाचित्रांसाठी बसतात आणि त्याचे पैसे घेतात. म्हणून रक्कम आधी ठरवून मगच कॅमेरा काढलेला बरा.

मिरिसाचे देवमासे

वेलिगामापासून काही किलोमीटर पूर्वेला मिरिसाचे बंदर आहे. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, पाहण्यासाठी इथून पहाटे बोटी सुटतात. डिसेंबर ते एप्रिल हा त्यासाठी उत्तम काळ. या बाजूला उथळ समुद्राचा पट्टा अरुंद आहे आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. त्यामुळे एरवी भर समुद्रात आढळणारा हा प्राणी इथे जवळ येतो. सकाळी समुद्र शांत असताना त्याचा फवारा लांबून दिसतो, आणखी एक कारण पहाटे निघण्याचे.

श्रीलंकेच्या सर्वांत दक्षिणेकडच्या दोंद्रा टोकासमोरून जगातला एक अतिशय वर्दळीचा जहाजमार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. प्रवासी बोटींनीही अंतर राखणे तेवढेच गरजेचे आहे. देवमाशाचा पाठलाग न करणारी, इंजिन मंद ठेवणारी बोट निवडणे पर्यटकाच्या हाती असते.

दालचिनी, चहा आणि गॉलचा किल्ला

किनाऱ्यापासून थोडे आत गेले की दालचिनीचे मळे लागतात. जगातल्या अस्सल दालचिनीचा बहुतांश पुरवठा श्रीलंका करते. ती सोलण्याचे काम पाहण्याजोगे असते. कारागीर कोवळी फांदी घेऊन वरची खरबरीत साल खरवडतो, पितळी दांड्याने फांदी घासतो आणि मग छोट्या सुरीने आतली पातळ साल अखंड सोडवतो. सुकताना ती आपोआप वळते. एका सुरळीत दुसरी घालत लांब कांडी तयार करतात आणि ती सावलीत वाळवतात. अहंगामाच्या आतल्या बाजूला सखल भागातल्या चहाचे मळेही आहेत.

पश्चिमेला कोग्गला येथे सिंहली लेखक मार्टिन विक्रमसिंघे (१८९०-१९७६) यांचे जन्मघर आणि लोकजीवनाचे संग्रहालय आहे. शेतीची अवजारे, बैलगाड्या, कळसूत्री बाहुल्या असा ग्रामीण संसार तिथे नीट मांडलेला आहे. जवळच्या कोग्गला सरोवरावर दुसऱ्या महायुद्धात सागरी विमानांचा तळ होता. ४ एप्रिल १९४२ रोजी तिथून उडालेले कॅनडाचे वैमानिक लिओनार्ड बर्चल यांनी जपानी आरमार हेरून कोलंबोला आधीच सावध केले.

त्याहून पुढे गॉल. पोर्तुगिजांनी सुरू केलेला इथला किल्ला डचांनी १६४० मध्ये घेतला आणि भक्कम तटबंदीने वाढवला. १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे तटाच्या आत आजही वस्ती, शाळा, मशीद, चर्च आणि दुकाने आहेत. तटावरून क्रिकेटचे मैदान दिसते. मुथय्या मुरलीधरन याने २०१० मध्ये भारताविरुद्ध आपला आठशेवा कसोटी बळी इथेच घेतला.

ताटात काय?

सर्फिंगनंतर भूक सपाटून लागते. न्याहारीला आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे, खोलगट भांड्यात फिरवून केलेले आप्पम मिळतात. मधे अंडे फोडलेला प्रकारही लोकप्रिय. सोबत ओले खोबरे, लाल मिरची आणि लिंबू वाटून केलेला ‘पोल संबोल’. त्यात बहुधा सुक्या माशाची पूड असते, म्हणून शाकाहारी पाहुण्यांनी आधी विचारून घ्यावे. दुपारी भात आणि चार-पाच कालवणे : मसुरीची आमटी, कोवळ्या फणसाची ‘पोलोस’, वांगी, पालेभाजी. दक्षिणेची खासियत म्हणजे ‘अंबुल तियाल’ हे ट्यूनाचे सुके, काळपट, आंबट कालवण. त्याला आंबटपणा देणारे ‘गोरका’ हे कोकमाच्याच कुळातले फळ. शेवटी मडक्यात लावलेले म्हशीचे दही आणि त्यावर ‘कितुल’चा पाक. कितुल म्हणजे सह्याद्रीत आढळणारा भेरली माड.

जाण्याआधी

मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, तर वेलिगामा कोलंबो शहराच्या दक्षिणेला सुमारे १४४ किलोमीटरवर. द्रुतगती मार्गाने शहरातून दोन-अडीच तास लागतात. वेळ हाताशी असेल तर कोलंबो फोर्टहून मातऱ्याकडे जाणारी रेल्वे घ्यावी. ती बराच काळ समुद्राला खेटून धावते आणि वेलिगामा स्थानकावर थांबते. गावात फिरायला रिक्षा सोयीची. भाड्याची स्कूटर सर्रास मिळते, पण परदेशी चालकाला श्रीलंकेत ग्राह्य असा परवाना लागतो. तो नसेल तर अपघातानंतर विमाही नाकारला जातो.

पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवशी मद्यविक्री बंद राहते. विहारात जाताना खांदे आणि गुडघे झाकावेत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. प्रवाळाला अपाय न करणारे सनक्रीम आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरोबर ठेवावा, कारण सकाळी आठनंतरचे ऊन पाण्यावर दुप्पट भाजते. सर्फिंग आणि देवमासे दोन्ही साधायचे असतील तर जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत खात्रीचे. गर्दी आणि भाडे कमी हवे असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा एप्रिल निवडावा.